गड पाहायचा तर कसा? आखीव सहल की आपली गाडी

गळिताचा हंगाम सरत आला, शेतातला ऊस तुटून गेला, खोडव्याला खत-पाणी झाले आणि बिलाचा हप्ता खात्यावर पडला, की गावोगाव पारावर एक विषय हमखास निघतो. "यंदा घरच्या माणसांना कुठंतरी दाखवून आणायचं." देवदर्शनाची ठिकाणे आपल्याकडे ठरलेलीच आहेत. पंढरपूर, तुळजापूर, जोतिबा, नरसोबाची वाडी. त्यांच्या जोडीला आता गड, लेणी, जुनी देवळे आणि इमारती पाहण्याची हौसही वाढली आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रात आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. या अकरांत पन्हाळा आहे, प्रतापगड आहे. म्हणजे जग जे पाहायला येणार, ते आपल्या उंबऱ्याशी आहे.

जायचे ठरले की पुढचा वाद ठरलेला. एक म्हणतो, "दारात गाडी हाय, मग दुसऱ्याच्या तालावर कशाला नाचायचं? मन मानंल तिथं थांबू, मन मानंल तवा निघू." दुसरा म्हणतो, "गाडी हाय खरी, पण तिथं जाऊन बघायचं काय, हे सांगणार कोण? नुसतं दगड मोजून माघारी यायचं का?" दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच या लेखात दोन्ही बाजूंचा विचार शेतकऱ्याच्या सोयीने करावयाचा आहे. शहरातल्या नोकरदाराला शनिवार-रविवारची सुटी असते. आपल्या दावणीच्या जनावरांना सुटी ठाऊक नाही. सकाळची धार काढून निघायचे आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचे, एवढाच आपला दिवस. त्या दिवसात काय बसते आणि काय बसत नाही, इथूनच सुरुवात केलेली बरी.

चार ठिकाणे, चार तऱ्हा

कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातून एका दिवसात जाऊन येण्यासारखी म्हणून जी ठिकाणे सांगितली जातात, त्यांपैकी चार उदाहरणादाखल घेऊ. पन्हाळा, खिद्रापूर, विजापूर आणि प्रतापगड.

पन्हाळा कोल्हापुरापासून अवघा वीस किलोमीटर. थेट गडावर गाडी जाते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही नेता येते. परंतु नेमका हाच त्याचा धोकाही आहे. गाडी जाते म्हणून माणसे खाली उतरतच नाहीत. तीन दरवाजाशी फोटो, सज्जाकोठीवर फोटो, झुणका-भाकरी, आणि चला माघारी. अंबरखान्यासमोरून गाड्या सरळ निघून जातात. वास्तविक शेतकऱ्याने पन्हाळ्यावर सर्वांत जास्त वेळ जर कुठे घालवावा, तर तो अंबरखान्यात. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची कोठारे. गंगा कोठीला बाहेरून वर चढायला दगडी पायऱ्या आहेत, आणि आतल्या प्रत्येक खणाच्या छताला एकेक भोक ठेवलेले आहे. धान्य वरून त्या भोकातून आत ओतायचे. आपल्या घरातली कणगीसुद्धा आपण वरूनच भरतो, तीच ही रीत, पण किल्ल्याच्या मापाची. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज महिनोन्‌महिने या गडावर अडकून पडले होते. वेढा म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. पण वेढ्यात गड टिकतो तो धान्यावर आणि पाण्यावर. अंबरखाना आणि अंधारबाव, म्हणजे गडाची कणगी आणि गडाची विहीर, हे पाहिल्याशिवाय वेढा कळत नाही.

खिद्रापूरची गोष्ट वेगळी. वाडीला दत्तदर्शनाला पौर्णिमेच्या पौर्णिमेला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वाडीपासून पुढे पंधरा-वीस किलोमीटरवर कृष्णेच्या काठी कोपेश्वराचे हे शिलाहारकालीन मंदिर उभे आहे, आणि तरी पुष्कळांनी ते पाहिलेले नाही. समोरच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही. खांबांच्या गोल रांगेवर वर्तुळाकार मोकळे आभाळ दिसते आणि त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या वर्तुळावर येतो म्हणून तिथे गर्दी होते. इथे महादेवापुढे नंदी नाही. आपल्या डोळ्यांना नंदीची इतकी सवय असते, की तो नाही हे कुणी सांगितल्याशिवाय ध्यानातही येत नाही. नंदी सतीबरोबर तिच्या माहेरी गेला, म्हणून तो पलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे, अशी कथा तिथले लोक सांगतात. दक्षिणेकडच्या दाराशी यादव राजा सिंघण याचा शिलालेख आहे. ज्याला ठाऊक नाही तो त्या लेखाला पाठ टेकून सावलीला बसतो.

विजापूर मिरजेकडून सुमारे दीडशे किलोमीटर. रस्ता सपाट, घाट नाही, पण जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर होतात. गावाचे सरकारी नाव २०१४ पासून विजयपुरा असे झाले आहे, रस्त्यावरच्या पाट्या त्याच नावाने वाचाव्यात. मुहम्मद आदिलशहाचा गोलघुमट, इब्राहिम रोजा, अपुरी राहिलेली बाराकमान आणि शेरझा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ ही पाहायची ठिकाणे गावभर विखुरलेली आहेत. तोफेचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. आपल्या उसाच्या दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर जेवढे ओढतो, त्याच्या दुपटीच्या आसपास. आणि एवढे धूड १६३२ साली परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला आणले, तेही बैल, हत्ती आणि माणसे यांच्या बळावर. ज्याने चिखलात रुतलेली भरली ट्रॉली बाहेर काढली आहे, त्याला त्या कष्टाची कल्पना पुस्तकवाल्यापेक्षा अधिक येईल.

प्रतापगड मात्र दिसतो तेवढा जवळ नाही. सांगलीकडून साताऱ्याला जाऊन, घाट चढून महाबळेश्वर गाठायचे आणि तिथून आंबेनळी घाटात उतरून आणखी बावीस-चोवीस किलोमीटर जायचे. वर चार-साडेचारशे पायऱ्या. एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास होतो. त्या दिवशी सकाळची धारही दुसऱ्यानेच काढायची आणि संध्याकाळचीही. 'एक दिवसाची सहल' म्हणून कागदावर प्रतापगड लिहिणे सोपे, पण तो दिवस पहाटे तीनला सुरू होतो आणि रात्री बारालाही संपेल याची खात्री नसते.

आखीव सहलीची बाजू

आखीव सहल म्हणजे गाडी, ड्रायव्हर, जेवण आणि मार्गदर्शक असे सगळे एका रकमेत ठरवून जाणे. खासगी प्रवासी मंडळे अशा सहली काढतात. गल्लीतल्या वा गटातल्या चाळीस माणसांनी मिळून एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर घेता येते आणि मार्गदर्शक आपला आपण ठरवता येतो.

तिचा पहिला फायदा असा, की सगळेच पाहुणे असतात. आपल्या गाडीत एक माणूस दिवसभर स्टिअरिंगला बांधलेला असतो. तो गडावर पोचतो तेव्हा त्याला इतिहास नको असतो, सावली आणि अंथरूण हवे असते. दुसरा फायदा असा, की एकटी बाई, म्हातारी माणसे, ज्यांच्या घरात गाडी नाही अशी कुटुंबे, या सर्वांना बसमध्ये जागा असते. तिसरा, आणि सर्वांत मोठा, सांगणारा माणूस बरोबर असतो.

आता तोटे. आखीव सहलीत वेळ आपला नसतो. गडाला चाळीस मिनिटे आणि बाजाराला दीड तास, असे पुष्कळदा घडते. ठरावीक हॉटेलात जेवण, ठरावीक दुकानापाशी थांबा, आणि जिथे खरे थांबायचे तिथे शिट्टी. एकाच दिवसात सात ठिकाणे दाखवण्याचे आश्वासन असते. त्यातली चार खिडकीतून दाखवली जातात. म्हणून आखीव सहलीचे पत्रक हाती आले, की ठिकाणांची संख्या मोजू नये. प्रत्येक ठिकाणी पायावर उभे राहायला किती वेळ मिळणार, ते विचारावे. ज्या पत्रकात वेळ लिहिलेली नाही, त्यांना ती लिहून मागावी. पैसे देण्याआधी विचारलेला प्रश्न पैसे दिल्यावरच्या भांडणापेक्षा स्वस्त पडतो.

आपल्या गाडीची बाजू

आपल्या गाडीचे सुख वेगळेच. लेकरू रडले तर थांबता येते, आईचे गुडघे दुखले तर वडाखाली अर्धा तास टेकता येते. डबा घरचा असतो. परतताना बहिणीच्या गावावरून येता येते. पन्हाळ्याला गेलेले जोतिबाला जाऊन येतात, खिद्रापूरला गेलेले वाडीला दर्शन घेतात. जवळच्या ठिकाणी आणि थोड्या माणसांत जायचे असेल, तर आपल्या गाडीसारखी सोय नाही.

परंतु फोनमधला नकाशा फक्त रस्ता दाखवतो. तो पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी आणून सोडतो आणि गप्प होतो. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने निवडक साठ माणसांनिशी हाच गड रात्रीत घेतला, हे ऐकल्यावर तटाची उंची वेगळी दिसू लागते. महाराणी ताराबाईंनी इथून राज्य चालवले, राजधानी कोल्हापुरात गेली ती १७८२ साली. कवी मोरोपंत १७२९ साली इथेच जन्मले. सांगणारा नसेल तर यातले काहीही भिंतीवर दिसत नाही. पोरांनी चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा सगळा इतिहास वाचलेला असतो. गडावर ती विचारतात, "बाबा, महाराज कुठनं बाहेर पडले?" आणि बाबा मसाईच्या पठाराकडे पाठ करून मोबाईलवर फोटो काढत असतात. यात बाबांचा दोष नाही. त्यांना कुणी दाखवलेच नाही. पण पोराचा प्रश्न तिथेच विरून जातो, आणि पुढच्या वर्षी ते विचारत नाही, एवढे नुकसान मात्र होते.

गाडी आपली, सांगणारा तिथला

यावर तिसरा मार्ग आहे आणि तो आपल्यासारख्यांना सर्वांत सोयीचा आहे. जवळच्या ठिकाणी गाडी आपली न्यावी आणि सांगणारा माणूस तिथे पोचल्यावर घ्यावा. पन्हाळ्यावर, गोलघुमटापाशी स्थानिक वाटाडे मिळतात. त्यांचा दर माणशी नसून पुष्कळदा गटाचा असतो. म्हणजे पाच जण गेले काय आणि बारा गेले काय, रक्कम तीच किंवा थोडीच जास्त. म्हणून दोन घरांनी दोन गाड्या काढून एकत्र जावे आणि एकच वाटाडा घ्यावा.

वाटाडा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ओळखपत्र. पर्यटन खात्याचे वा पुरातत्त्व खात्याचे ओळखपत्र असेल तर ते मागून पाहावे. मागण्यात संकोच नको. आपणही वजनकाट्यावर पावती मागतोच की.

दुसरी, पैसे, वेळ आणि ठिकाणे आधी बोलून घ्यावीत. "दोन तास, अंबरखाना आणि अंधारबाव धरून," असे स्पष्ट म्हणावे.

तिसरी, भाषा. विजापूरला कन्नड, हिंदी आणि उर्दू जास्त चालते. मराठी बोलणारा मिळाला तर उत्तम, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेच हवे असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जो माणूस 'ही आख्यायिका आहे' आणि 'हे कागदोपत्री आहे' असा फरक करून सांगतो, तो खरा जाणकार समजावा. गोलघुमटात प्रतिध्वनी किती वेळा उमटतो? एक सांगेल सात, दुसरा सांगेल अकरा. तेव्हा सकाळी लवकर, शाळांच्या सहली पोचण्याआधी, वरच्या सज्जात जाऊन टाळी वाजवावी आणि आपण स्वतः मोजावे. वर जायचा जिना कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून आहे, अरुंद आणि दमवणारा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली बागेत बसावे, वर जाण्याचा हट्ट धरू नये.

चांगला सांगणारा मिळाला की ठिकाणे सुटी राहत नाहीत, एकमेकांना जोडली जातात. अफजलखान निघाला तो विजापूरच्या दरबारातून. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी तो मारला गेला. त्यानंतर अठराच दिवसांत, २८ नोव्हेंबरला, महाराजांनी पन्हाळा घेतला. त्याचा सूड म्हणून विजापूरने सिद्दी जौहरला पाठवले, पन्हाळ्याला वेढा पडला, आणि १६६० च्या जुलैत, भर पावसात, महाराज रात्रीचे निसटून विशाळगडाकडे गेले. वाटेत घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन मरण पत्करले. म्हणजे ही तीन ठिकाणे तीन वेगळ्या सहली नव्हेत, ती एकाच गोष्टीची तीन पाने आहेत. एका वर्षी विजापूर, दुसऱ्या वर्षी प्रतापगड, तिसऱ्या वर्षी पन्हाळा असा क्रम धरला, तर पोरांना तो इतिहास पाठ करावा लागणार नाही.

खर्चाचा हिशोब

"आपली गाडी म्हणजे फुकट," असा एक समज आहे. तो खरा नाही. विजापूरचे उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असे समजा, म्हणजे २० लिटर इंधन. लिटरला १०० रुपये धरले तर २,००० रुपये. पाच माणसे बसली तर माणशी ४००. टोल, तिकिटे, वाटाडा आणि चहापाणी वेगळे. पण दोनच माणसे गेली तर तोच खर्च माणशी १,००० होतो. गाडी भरली तर स्वस्त, रिकामी गेली तर महाग. ट्रॉलीचे गणित जे आहे, तेच इथेही आहे.

बसचा हिशोबही तसाच करावा. समजा, सगळी मिळून रक्कम २०,००० ठरली आणि चाळीस माणसे आली, तर माणशी ५०० पडतात. ऐनवेळी दहा जण गळाले, तर उरलेल्या तिसांना सुमारे ६६७ पडतात आणि सहल निघण्याआधीच वाद निघतो. म्हणून नाव नोंदवतानाच निम्मी रक्कम घ्यावी आणि ती परत मिळणार नाही हेही तेव्हाच सांगावे.

दोन-चार माणसेच असतील तर साध्या एस.टी.चाही विचार करावा. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, हे विजापूरला जाताना ध्यानात ठेवावे. पुरातत्त्व खात्याचे तिकीट असलेल्या ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

घाट, रात्र आणि भाड्याची गाडी

इथे थोडे कडक बोलणे भाग आहे.

आपल्या भागातील माणूस ट्रॅक्टर, जीप, मोटार सगळे चालवतो. म्हणून त्याला वाटते की घाटही चालवू. परंतु रात्री पाणी पाजून, पहाटे धार काढून, झोप न घेता दोनशे किलोमीटर घाटरस्ता चालवणे म्हणजे धाडस नव्हे, ती घरच्या माणसांच्या जिवाशी बरोबरी आहे. आदल्या रात्री ज्याची पाणीपाळी आहे त्याने दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये, एवढा साधा नियम घराघरात असावा. प्रतापगडासारख्या ठिकाणी ड्रायव्हर ठेवावा, किंवा बसने जावे, किंवा एक मुक्काम धरावा.

बस म्हणजे सुरक्षित, असेही डोळे झाकून म्हणता येत नाही. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळी घाटात सहलीला निघालेली बस दरीत कोसळून सुमारे तीस माणसे गेली. भर पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, धुके दाटते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. पावसाळ्यातला गड सुंदर दिसतो हे मान्य. परंतु लेकराबाळांना घेऊन जायचे, तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बरा.

हंगामात आणखी एक धोका असतो आणि तो आपणच निर्माण केलेला आहे. अंधार पडल्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि बाहेर आलेली वाढी अंधारात दिसत नाहीत. सहलीहून परतणारी गाडी मागून जाऊन आदळते. तेव्हा परतीचा प्रवास दिवेलागणीच्या आत संपवावा. आणि ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी रिफ्लेक्टर पुसून ठेवावेत. त्या गाडीत आपल्याच गावची माणसे असू शकतात.

भाड्याने गाडी घ्यायची तर पिवळ्या पाटीची घ्यावी. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाडे ठरवून नेली आणि अपघात झाला, तर विम्याच्या वेळी अडचण येते. सातच्या गाडीत अकरा बसवणे हेही तसेच. आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे भरून जत्रेला वा गडाला जाण्याची जुनी पद्धत आता तरी मोडावी. ट्रॉली उसासाठी आहे, माणसांसाठी नाही.

घरी कोण राहते?

आता मुख्य मुद्दा. गाडी की सहल, हा वाद आपल्याकडे बहुधा पुरुषमाणसे घालतात. गाडी ठरली की त्यात चार-पाच मित्र बसतात. बायका आणि म्हातारी माणसे घरी राहतात, कारण धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार, डेअरीला दूध कोण घालणार? गावात अशा कितीतरी माऊल्या आहेत, ज्यांनी साठ पावसाळे पाहिले, कोल्हापूरला दवाखान्याला दहा वेळा गेल्या, पण वीस किलोमीटरवरचा पन्हाळा पाहिला नाही. विचारले तर म्हणतात, "आमाला काय कळतंय त्यातलं, बाबा. तुमी जाऊन या." त्यांना कळत नाही असे मुळीच नाही. कणगी, जाते आणि आड यांच्यातच ज्यांचा जन्म गेला, त्यांना अंबरखाना आणि अंधारबाव आपल्यापेक्षा लवकर कळेल.

यावर उपाय आपल्याच रीतीत आहे. पेरणीला, लावणीला आपण सावड करतो. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. तीच सावड सहलीला करावी. या रविवारी वरच्या गल्लीने जावे, खालच्या गल्लीने त्यांच्या धारा काढाव्यात, वैरण टाकावी, दूध डेअरीला पोचवावे. पुढच्या रविवारी खालच्या गल्लीने जावे आणि वरच्या गल्लीने फेड करावी. एवढे जमले तर सगळे घर एकदम बाहेर पडू शकते. सासू, सून आणि नातवंडे एका बसमध्ये बसू शकतात. त्यासाठी कुठल्या प्रवासी मंडळाची गरज नाही. सहकार आपल्याला नवा नाही.

मग निवड कशी करावी? थोडक्यात असे म्हणता येईल. पन्हाळा आणि खिद्रापूर जवळ आहेत. तिथे आपल्या गाडीने जावे. पन्हाळ्यावर वाटाडा घ्यावा, आणि खिद्रापुरात गावातल्या जाणत्या माणसाला किंवा पुजाऱ्याला विचारून मंदिर समजून घ्यावे. विजापूर लांब पण सपाट. दोन चालवणारे असतील तर आपली गाडी, नसतील तर बस करावी, वाटाडा दोन्ही वेळी घ्यावा. प्रतापगडाला एकत्र बस करून, शक्य तर एक मुक्काम धरून जावे. याहून लांबची ठिकाणे, म्हणजे रायगड, वेरूळ, अजिंठा, एका दिवसाच्या यादीत धरूच नयेत. लांब जाण्याआधी साप्ताहिक सुटीचीही चौकशी करावी. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. तीनशे-चारशे किलोमीटर जाऊन कुलूप पाहून परत आलेली मंडळी आपल्याच तालुक्यात आहेत.

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पायाला जेवढे झेपेल तेवढेच ठिकाण आणि तेवढाच वेळ धरावा. तरण्याताठ्यांना मोटारसायकलवर पुन्हा केव्हाही जाता येईल. आईला पुन्हा जमेलच असे नाही.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, यंदाचा ऊस गेला की आपल्या गल्लीत बसून आधी सावडीची यादी करावी, मग माणसे मोजावीत, आणि गाडीचा विषय सर्वांत शेवटी काढावा. यादी नीट झाली, की गाडी कोणती हा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो.